गेलेल्या पोर्टचा पत्ता

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळताना आकड्यांचा जो ढीग मागे सोडतो, त्यातला एक आकडा मी कुठंही ओळखते: ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी. मेमरीचा तुकडा वापरून झाला, परत केला, की त्याचे बाइट ६बी या हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या पद्धतीतल्या) मूल्यानं भरून ठेवायचे, अशी सोय कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या 'स्लब' या भागात आहे. तिला वेळ लागतो, म्हणून एरवी ती बंद असते; शोध घ्यायचा असेल तेव्हा बूट करताना एक पर्याय देऊन चालू करायची. मग परत केलेल्या तुकड्यातून कुणी मेमरीतल्या जागेचा पत्ता उचलला, की हाती ही ६बीची माळ येते. चौसष्ट बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर असा पत्ता वैध नसतो. तिथे सहसा पत्त्याचे खालचे ४८ बिट कामाचे, आणि वरचे १६ बिट त्या ४८ मधल्या सर्वांत वरच्या बिटाची नक्कल असावे लागतात. ६बीच्या माळेत ते जुळत नाही. प्रोसेसर जागीच नकार देतो, आणि कळतं की कुणीतरी मेलेल्या वस्तूकडे काहीतरी मागायला गेलं होतं.

हा आकडा मला पहिल्यांदा भेटला २०१८ च्या अखेरीस, एका डॉकमुळे.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात त्या सुमारास नवे लॅपटॉप आले आणि प्रत्येक टेबलावर एकेक डॉक. एकच केबल लावायची. तिच्यातूनच चार्जिंग, दोन मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क. लॅपटॉप चालू असताना केबल लावली तर सगळं सुरळीत चालायचं. पण केबल लावलेली असताना लॅपटॉप सुरू केला, तर काही सकाळी तो डिस्कचा पासवर्ड विचारण्याआधीच काळ्या पडद्यावर थिजायचा. काही सकाळी छान सुरू व्हायचा आणि अर्ध्या तासानं भलतंच काहीतरी मोडायचं: कधी नेटवर्क, कधी फाइल सिस्टिम.

"अगं, आधी चालू कर नि मग केबल लाव, झालं," असं एकमेकांना सांगत सगळे कामाला लागले. सल्ला उपयोगी होता आणि मीही तो इतरांना दिला. पण अशा सल्ल्यापाशी प्रश्न मिटवू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे. लटकलेलं मशीन परवडतं, बटण दाबून पुन्हा सुरू करता येतं. न लटकता पुढे जाणारं मशीन जास्त धोक्याचं, कारण कर्नलच्या मेमरीत कुठेतरी चुकीच्या जागी काहीतरी लिहिलं गेलंय आणि तेच कर्नल आता तुमच्या डिस्कवर लिहितंय. फाइल सिस्टिमची पहिली तक्रार वाचली त्या दिवसापासून मला हे सोडून देणं शक्य नव्हतं.

मेमरीचा असा दोष शोधताना पहिली अडचण ही, की जिथे कोसळतं तिथे सहसा दोष नसतो. कर्नल लहानसहान वस्तूंसाठी मेमरी ठरावीक मापांत वाटतं: ९६ बाइट, १२८, १९२, २५६, ५१२ अशी मापं. एकाच मापाच्या वस्तू, त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला तरी, एकाच पानावर शेजारी बसतात, आणि एकीनं मोकळी केलेली जागा पुढच्या क्षणी दुसरीला मिळते. ग्राफिक्स ड्रायव्हरनं परत केलेली जागा नेटवर्कच्या एखाद्या वस्तूला मिळाली, आणि मागाहून ग्राफिक्स ड्रायव्हरच्या दुसऱ्या धाग्यानं, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामानं, 'आपली' वस्तू समजून तिच्यातला एक आकडा कमी केला, तर मोडतं नेटवर्क. लॉगमध्ये नाव नेटवर्कचं येतं. ज्यानं हे केलं त्याचा त्या लॉगमध्ये मागमूसही नसतो. आमच्याकडचे लॉग एकमेकांशी जुळत नव्हते त्याचं कारण हे. आणि ते जुळत नाहीत हाच पहिला खरा पुरावा होता: सगळी भांडणं वेगवेगळी असतील तर त्यांच्या तळाशी मेमरी असण्याची शक्यता फार मोठी.

दुसरी अडचण वेळेची. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आणि पासवर्ड अजून मागितलेला नाही, म्हणजे लॉग लिहायला डिस्क नाही. पडदा काळा, कारण कोसळलेला भाग पडद्याचाच. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही. नेटवर्कवरून लॉग पाठवावा तर नेटवर्क डॉकमध्ये, आणि ते यूएसबीवरून उठेपर्यंत इकडे सगळं आटोपलेलं. अशा वेळी मदरबोर्डवरची एक छोटी जागा कामी येते. मशीन सुरू करणारं यूईएफआय फर्मवेअर आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं त्या चिपमध्ये कर्नल मरता मरता लॉगचा शेवटचा भाग तुकड्यातुकड्यांनी लिहू शकतं; पुढच्या बूटमध्ये तो पीस्टोअर नावाच्या फोल्डरात फाइली होऊन समोर येतो. जागा अगदी थोडी असते, पण पॅनिकची, म्हणजे कर्नलनं हात टेकतानाच्या लॉगची, शेवटची पानं तिच्यात मावतात. आता २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून कर्नल पॅनिकच्या वेळी पडद्यावर क्यूआर कोड दाखवू शकतं आणि फोननं तो टिपता येतो. ही सोय ज्यांनी केली त्यांचे मी मनापासून आभार मानते. २०१८ मध्ये मात्र पीस्टोअरच होतं.

तिसऱ्या अडचणीनं सर्वांत जास्त दमवलं. ग्राफिक्स ड्रायव्हरचे तपशीलवार संदेश चालू केले की दोष नाहीसा व्हायचा. संदेश छापायला वेळ लागतो, तेवढ्यानं दोन धाग्यांमधली शर्यत बदलते, आणि जो आधी पोचायचा तो नंतर पोचतो. म्हणजे पाहायला गेलं की दिसत नाही. पाहणं बंद केलं की पुन्हा हजर.

यावरचं उत्तर म्हणजे केसॅन, कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर. २०१५ च्या ४.० आवृत्तीत ते कर्नलमध्ये आलं. त्याची कल्पना सांगायला सोपी आहे आणि ती अमलात आणणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट वेगळा ठेवायचा, म्हणजे एकूण मेमरीचा आठवा हिस्सा. त्या एका बाइटात लिहायचं की या आठांना आत्ता हात लावायला परवानगी आहे की नाही. शून्य म्हणजे सगळे खुले, एफबी म्हणजे परत केलेली वस्तू, एफसी म्हणजे दोन वस्तूंमधली मुद्दाम सोडलेली पट्टी. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर प्रत्येक वाचनाआधी आणि लेखनाआधी ही तपासणी घालतो. शिवाय परत आलेला तुकडा केसॅन लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतं, म्हणजे मेलेल्या वस्तूला कुणी उशिरानं हात लावला तरी तो पकडला जातो. मशीन चांगलंच मंदावतं. पण एक गोष्ट कायमची सुटते: आता कोसळण्याची वाट पाहावी लागत नाही. चुकीचा स्पर्श झाला, मग त्यानं नुकसान होवो न होवो, त्याची नोंद होते. पहिल्याच इशाऱ्याला पॅनिक करण्याचा पर्याय मी सोबत दिला, म्हणजे अहवाल पीस्टोअरमध्ये उतरेल.

आणि तो उतरला. केसॅनच्या अहवालात तीन माग असतात: मेलेल्या वस्तूला आत्ता हात कुणी लावला, ती जन्माला कुणी घातली होती, आणि तिला परत कुणी केलं होतं. इतके दिवस हाती फक्त बळी पडलेल्यांची नावं होती. आता हात लावणारा आणि परत करणारा दोघंही एकाच पानावर होते, आणि दोघंही एकाच घरचे. दोन्ही कर्नलचे कामकरी धागे, दोन्ही डिस्प्लेपोर्टच्या (मॉनिटर जोडण्याच्या पद्धतीच्या) एमएसटी या भागातले.

एमएसटी म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्ट केबलमधून अनेक मॉनिटरची चित्रं नेण्याची पद्धत. २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये ती आली, आणि लिनक्समध्ये २०१४ साली, ३.१७ आवृत्तीत, कर्नल प्रोग्रामर डेव्ह एअरलीच्या कामातून. आमच्या डॉकमधले दोन मॉनिटर याच पद्धतीनं चालायचे. डॉकच्या आत एक हब असतो. लॅपटॉपच्या दृष्टीनं ते एक झाड: हब ही फांदी, फांदीला पोर्ट, पोर्टला मॉनिटर किंवा आणखी एक फांदी. या झाडाचा आराखडा कर्नलला आधी माहीत नसतो, तो विचारून घ्यावा लागतो. तुला किती पोर्ट, कोणत्या पोर्टवर कोण? विचारायचं ते ऑक्स नावाच्या वेगळ्या तारांच्या जोडीवरून, आणि तिचा वेग सेकंदाला एक मेगाबिट. एका वेळी जास्तीत जास्त १६ बाइट जातात. मॉनिटरची ओळखपत्रिका, म्हणजे ईडीआयडी, हीसुद्धा हबमार्फत तुकड्यातुकड्यांनी मागवायची. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी कर्नल जास्तीत जास्त चार सेकंद थांबतं. गिगाहर्ट्‌झमध्ये चालणाऱ्या प्रोसेसरसाठी चार सेकंद म्हणजे युग. त्या युगभर एक धागा हातात फांदीचा पत्ता धरून उभा असतो.

बूटच्या वेळीच का, हेही इथे उलगडलं. चालू लॅपटॉपला केबल लावली तर डॉक आधी स्थिर होतो, मग एकदाच 'मी आलो' असा संकेत येतो. बूटच्या वेळी यूईएफआयनं मॉनिटर आधीच पेटवलेला असतो. मग कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर सूत्रं हातात घेतो, जोडणी नव्यानं वाटाघाटीला येते, आणि डॉकचं स्वतःचं फर्मवेअर अजून उठत असतं. आमच्या डॉकचा संकेत त्या काळात वर जायचा, खाली पडायचा, पुन्हा वर जायचा. खाली पडला की कर्नल समजतं, डॉक गेला, झाड मोडा. वर गेला की समजतं, आला, झाड उभारा. एक धागा झाड वाचतोय, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतोय. तेवढ्यात दुसरा धागा तेच झाड पाडतोय. त्यातच पासवर्ड विचारणारा पडदा रंगवण्यासाठी तिसरं कुणी त्याच पोर्टवरच्या मॉनिटरकडे बोट दाखवतंय.

असे प्रसंग कर्नलला नवे नाहीत. एकच वस्तू अनेकांच्या हातात असेल तर किती जणांनी ती धरली आहे याचा आकडा त्या वस्तूतच ठेवायचा. नवा आला की वाढवायचा, कुणी सोडली की कमी करायचा, शून्य झाला की मेमरी परत करायची. मग इथे काय बिघडलं होतं? मी तो कोड सुट्टीच्या दिवशीही वाचत बसायचे, कागदावर झाडं काढून. पोर्टमध्ये आकडा होता. पण त्या एकाच आकड्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा केली जात होती.

पोर्ट झाडावरून गेला की त्यावरचं सगळं काम थांबलं पाहिजे. गेलेल्या पोर्टला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. म्हणून एमएसटीच्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला तपासणी होती: हातात आलेला पत्ता घ्यायचा, मुळापासून सगळं झाड फिरायचं आणि हा पत्ता झाडावर कुठे आहे का बघायचं. नसेल तर परत फिरायचं. हे ठीक. पण गेलेल्या पोर्टचं एक काम मागे उरतं. डिस्प्लेपोर्टच्या त्या जोडणीत वेळेचे ६४ कप्पे असतात, पहिला मथळ्याचा, उरलेले ६३ चित्रांसाठी. गेलेल्या मॉनिटरनं अडवलेले कप्पे मोकळे करायचे असतात, नाहीतर पुढच्या मॉनिटरला जागा मिळत नाही. ते मोकळे करायचे तर हा पोर्ट कुणाच्या खाली होता आणि वरचं कोण अजून शाबूत आहे, हे माहीत हवं. म्हणजे पोर्ट झाडावर नसला तरी त्याची आठवण मेमरीत हवी. एकच आकडा या दोन्ही मागण्या पुऱ्या करू शकत नव्हता. म्हणून जुन्या कोडमध्ये तो शून्याला पोचल्यावर पोर्ट झाडावरून काढत आणि मेमरी सोडण्याआधी तोच आकडा पुन्हा नव्यानं सुरू करत. शून्यातून परत आलेला आकडा! हे जेव्हा नीट कळलं, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्याच दिवसांत रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लिऊड पॉल या भागाची मुळापासून फेरमांडणी करत होत्या. जानेवारी २०१९ मधल्या त्यांच्या मुख्य पॅचसोबतचा (कोडमधल्या बदलासोबतचा) मजकूर मी आजही नव्या लोकांना वाचायला देते. माझ्या मते इतकं प्रामाणिक तांत्रिक गद्य विरळा. या भागाचा इतिहास त्यांनी त्यात पायरीपायरीनं लिहिला आहे. कप्पे मोकळे करता यावेत म्हणून एक दुरुस्ती आली, तिनं मेलेल्या वस्तूला हात लागायला लागले. ते थांबवण्यासाठी त्यांनी स्वतः दुसरी दुरुस्ती केली, तिनं कप्पे मोकळे होणंच बंद पडलं. सुमारे दोन वर्षांनी ते उघडकीला आलं, त्यांनी तात्पुरता इलाज केला, त्यानं पुन्हा पहिला दोष जागा झाला आणि तो इलाज त्यांनी लगेच मागे घेतला. हे सगळं नावागावासह, कुठेही सारवासारव न करता. आणि मग उपाय: आकडे दोन ठेवा. एक झाडावर असण्याचा, दुसरा मेमरीत असण्याचा. झाडावरचा शून्य झाला की पोर्ट झाडावरून उतरतो, आणि तो पुन्हा कधीही वाढत नाही. मेमरीचा त्यानंतरही जिवंत राहू शकतो, ज्याला ज्याला त्या पोर्टचं काही निस्तरायचं आहे त्याचं निस्तरून होईपर्यंत.

माझे आजोबा गेले त्यानंतरही बरीच वर्षं सातबारावर त्यांचं नाव होतं. माणूस घरातून गेला म्हणून त्याच दिवशी नाव कुणी खोडत नाही. सोसायटीचं पीककर्ज असतं, विहिरीतला हिस्सा असतो, वारसांची नोंद व्हायची असते. मग फेरफार मंजूर होतो आणि नाव निघतं. आणि नाव कागदावर आहे म्हणून त्यांच्या सहीसाठीही कुणी थांबून राहत नाही. माणूस आहे का आणि नोंद आहे का, हे दोन प्रश्न गावातल्या कुणालाही वेगळे करून सांगावे लागत नाहीत. कर्नलच्या या भागात ते वेगळे व्हायला पाच वर्षं लागली, आणि याचा दोष मी कुणालाही देत नाही. २०१४ मध्ये असे डॉक मोजक्या टेबलांवर होते. टाइप-सीच्या एका केबलवर सगळं टाकण्याची पद्धत रुळल्यावर या झाडांची तोड-जोड रोजची झाली, आणि तेव्हा कुठे तो एक आकडा किती भार उचलत होता ते दिसलं.

ते पॅच मी आमच्या चाचणीच्या कर्नलवर चढवले. केसॅन चालू, स्लबची तपासणी चालू, डॉक जोडलेला. बूट, बंद, बूट, बंद. मेमरीचा अहवाल आला नाही. मग मी मुद्दाम छळ सुरू केला: झाड वाचलं जात असतानाच केबल उपटायची, पुन्हा खोचायची, पासवर्डच्या पडद्यावर पुन्हा उपटायची. मॉनिटर थोडे चाचपडायचे, मग दोन्ही उजळायचे. पॅच ५.१ आवृत्तीसाठी घेतले गेले आणि ती मे २०१९ मध्ये बाहेर पडली. पुढे आमच्या डिस्ट्रोच्या (आम्ही वापरतो त्या लिनक्स वितरणाच्या) कर्नलमध्ये ते आल्यावर ऑफिसातल्या लोकांनी डॉकला लावूनच लॅपटॉप सुरू करायला सुरुवात केली, आणि आधी काही अडचण होती हे बहुतेकांच्या लक्षातही राहिलं नाही. मला त्यात खरा आनंद वाटला. त्या पॅचसोबत आराखड्यांसह लिहिलेलं दस्तऐवजीकरणही कर्नलमध्ये आहे. कोणता बाण झाडाचा आणि कोणता मेमरीचा, हे त्या चित्रांवरून शाळेतल्या मुलालाही कळेल.

तेव्हापासून हीच गाठ मला सगळीकडे दिसते. ड्रायव्हर लिहिताना मेमरी मागण्याची एक सोयीची पद्धत आहे: ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की तिथून घेतलेली सगळी मेमरी आपोआप परत होते, वेगळं काही लिहावं लागत नाही. त्या पद्धतीनं मेमरीच्या असंख्य गळत्या, म्हणजे परत करायचे राहून गेलेले तुकडे, बंद केल्या. पण उपकरण उपटलं गेलं तरी त्याची फाइल एखाद्या प्रोग्रामनं उघडून धरलेली असू शकते. त्या प्रोग्रामच्या दृष्टीनं वस्तू अजून आहे. कर्नल प्रोग्रामर लॉरां पिंशार यांनी २०२२ मध्ये डब्लिनला लिनक्स प्लंबर्स परिषदेत याच सोयीतल्या धोक्यावर सविस्तर मांडणी केली होती. ती ऐकताना मला एमएसटीचं झाडच डोळ्यांसमोर दिसत होतं. फरक एवढाच, की इथे एक आकडाही नसतो. उपकरण असेपर्यंत मेमरी, एवढंच गृहीत.

आता आमच्याकडे रोज रात्री चाचणीची एक फेरी चालते. केसॅनसह बांधलेलं ताजं कर्नल, डॉक जोडलेला, आणि डॉकच्या वीजपुरवठ्यावर एक रिले, जो बूट होत असताना कोणत्याही क्षणी वीज तोडतो आणि पुन्हा देतो. बहुतेक सकाळी अहवालाची फाइल रिकामी असते. परवा ती रिकामी नव्हती. या खेपेला एमएसटी नाही, टाइप-सीचा भाग आहे: डॉकची पर्यायी अवस्था (टाइप-सी केबलमधून चित्रं नेण्याची) नोंदवणारा एक धागा आणि तीच नोंद काढणारा दुसरा. जन्म कुठे झाला, परत कुणी केलं, हात कुणी लावला, तिन्ही माग पूर्ण आले आहेत. परत करणाऱ्याच्या मागाची चौथी ओळ मला पटलेली नाही. आज तिथून सुरुवात करते.